खेप

पाळीच्या खाणीवर टिप्पर मारायचो तेव्हा
पैसे खेपेवर मिळत.
आठच्या आत तीन खेपा झाल्या
तर चहा गोड लागायचा.
उजव्या पायाला एवढंच ठाऊक होतं,
दाब, आणि आमोण्याच्या धक्क्यावर सगळ्यांच्या आधी पोच.
मागे उडालेली तांबडी धूळ
कुणाच्या शितकढीत पडली
ते आरशात दिसलं असतं कदाचित.
आरशात बघायचं कुणाला होतं.

खाण बंद पडली.
टिप्पर अंगणात गंजला, हौद्यात कोंबड्या अंडी घालतात.
मला मिळाली ही पिवळी बस,
सत्तावीस पोरं, मदतनीस सुलक्षा,
आणि हेडबाईंनी सहीनिशी दिलेला कागद.
त्यात बारा कलमं.
कागद मी काचेवरच्या पट्टीत खोचला.
पण पाय काही कागद वाचत नाही,
त्याला शिकवायला मला वर्ष लागलं.

माघातली दुपार.
काजूला मोहोर, पोरांना झोप.
न्हावेलीच्या चढाखाली बस थांबवली,
सुलक्षा रजेवर होती, बदली बाई नवखी, मागे कुणाची उलटी पुसत होती.
मी आरशात बघून मोजली:
नाझमीन, गौरेश, गौरेशची बहीण, बिरो झोरे.
चार उतरली.
रस्त्याच्या कडेला पोचली तीन.

मागे भाड्याची गाडी, पाहुणे समुद्राकडे निघालेले.
हॉर्न.
त्यामागे दुधाचा टेंपो, त्याचाही.
गौरेश हात हलवत होता,
जा म्हणून की थांब म्हणून, कळेना.
गियर पडलेला होता.
क्लचवरचा डावा पाय थरथरू लागला
आणि उजव्याला जुनी भाषा आठवली:
दाब.

मी इंजिन बंद केलं.

हॉर्न केवढा मोठा असतो
ते आपलं इंजिन बंद असलं की कळतं.
तीन मोजली मी पुन्हा.
तीनच.
चौथा आकडा कुठे ठेवावा माणसाने?

मग नाकासमोर, काचेच्या खालच्या काठावर,
एक निळी चप्पल वर आली.
चपलेमागून हात,
हातामागून बिरोचं विस्कटलेलं डोकं.
बंद तुटला, काका, म्हणाला,
जणू माझीच चप्पल मला दाखवत होता.

मी ओरडलो नाही. ओरडता आलं नाही.
उतरलो, त्याला हाताने पलीकडे नेला,
मागच्या पाहुण्याने काच खाली करून काही म्हटलं
ते मला आजही आठवत नाही.

संध्याकाळी शाळेच्या आवारात
माझी स्वतःची चप्पल बससमोर ठेवली
आणि सीटवर जाऊन बसलो.
दिसली नाही.
उतरलो, एक पाऊल लांब सरकवली. नाही.
दुसरं पाऊल, तिसरं.
शिपाई विठू मळीक झाडू टेकून बघत राहिला,
ड्रायव्हरला ऊन लागलं असं त्याने घरोघर सांगितलं.
जिथे चप्पल दिसली तिथे खडूने रेघ मारली,
आणि पोर बसकं असेल, वाकलेलं असेल, म्हणून
पुढे आणखी दोन पावलं.

आता पोरं रेघेचा खेळ खेळतात.
उतरलं की मोठी पावलं मोजत पुढे जायचं,
मागे वळायचं,
माझे डोळे दिसेपर्यंत हलायचं नाही.
काहीही पडू दे, चप्पल, चेंडू, मोहोराची डहाळी,
ते मी उचलणार. ते माझं.
बिरो डोळे दिसले तरी उगाच थांबतो,
मला जीभ दाखवतो, मग जातो.

शेवटचं पोर उतरलं की
मी रिकाम्या बसमध्ये मागच्या बाकापर्यंत चालत जातो,
वाकून बाकांखाली बघतो.
एकदा डबा सापडला, एकदा दात,
एकदा सुर्ल्याची चिमुरडी, गाढ झोपलेली,
दप्तर मिठीत.

घरी बायको जुन्या सवयीने विचारते,
आज किती खेपा?
मी हातपाय धुतो.
सत्तावीस, म्हणतो.
ती समजते डोकं फिरलं,
आणि पेज वाढते.